इंचभर शिपाई आणि त्यांचे रंगारी

मराठीत आमच्या छंदाला नाव नाही. आमच्यातल्या गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांनी एकदा 'लघुशिल्परंजन' असा शब्द घडवून आणला होता. आमच्यातलेच निवृत्त बँक अधिकारी तो ऐकून म्हणाले, "दिवसातून किती वेळा घ्यायचं?" शब्द त्याच क्षणी निकालात निघाला. तेव्हापासून आम्ही घरी आणि दारी 'शिपाई रंगवतो' एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात त्यांची आता सवय झाली आहे. एरवी सभ्य म्हणून ओळखली जाणारी, निम्मी साठी उलटलेली सहा माणसे दर रविवारी सकाळी पुण्यातल्या एका गच्चीवरच्या खोलीत जमतात आणि इंचभर उंचीच्या शिपायांच्या पाटलोणींना सावल्या देतात, हे कुणाला पटकन पटत नाही. या सहांपैकी आम्ही दोघे साहित्य शिकवतो, आणि हे सारे लिहून काढण्याचे धाष्ट्र्य त्या दोघांचे आहे. बाकीच्या चौघांनी 'नावे घालू नका' या अटीवर संमती दिली. बँकवाल्यांनी पुढे असेही सुचवले की माझे नाव घालायला हरकत नाही, प्राध्यापकांच्या शिपायांची छायाचित्रे मात्र घालू नका, मुलांच्या मनावर परिणाम होतो.

शिपाई प्लास्टिकचा, रेझिनचा किंवा कथिलाच्या मिश्रधातूचा असतो. उंची बहुधा २८ मिलिमीटर, आणि ती कुठून कुठपर्यंत मोजायची यावरच पहिला वाद. एक पक्ष तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतो, कारण फेटा, टोपी, तुरा यांनी माप बिघडते. दुसरा डोक्याच्या टोकापर्यंत मोजतो. म्हणजे ज्याला छंदाचे परिमाण म्हणावे तेच मुळात सर्वमान्य नाही. हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना परके वाटू नये. आधी प्रायमरचा हात, मग कपड्यांचे, कातडीचे, धातूचे मूळ रंग, मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग जो घड्यांत उतरून बसतो, आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट रेघा. इतक्या लहान आकारावर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडतच नाही, म्हणून उजेडही आपणच रंगवायचा आणि अंधारही. आमच्यापैकी कुणी इथे लघुकथेची उपमा काढू लागला की बाकीचे चहा मागवतात.

चहावरून आठवले. या छंदाचा जगभर सांगितला जाणारा एकच विनोद आहे, आणि तो विनोद नसून अपघात आहे: रंगाचे पाणी आणि चहा शेजारी शेजारी ठेवल्यावर कुंचला चहात बुडतो आणि तोंड पाण्याला लागते. जगात कुठेही दोन रंगवणारे भेटले तरी ते हे एकमेकांना सांगतात आणि दोघेही पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. दुसरा विनोद ढिगाचा. प्रत्येकाच्या घरी न रंगवलेल्या शिपायांचा एक राखाडी ढीग असतो. तो वाढतो, कमी होत नाही, आणि इंग्रजीत त्याला 'लाजेचा ढीग' अशा अर्थाचे नाव आहे. न वाचलेल्या पुस्तकांनी ज्यांची कपाटे भरली आहेत त्यांनी यावर फार हसू नये. तिसरा विनोद 'दोन पातळ थर' हा. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या चित्रफितींतून डंकन ऱ्होड्स नावाचे गृहस्थ रंगवायला शिकवीत आणि रंग एकदम जाड लावू नका, दोन पातळ थर द्या, असे बजावीत. २०१० नंतरच्या दशकात हे वाक्य छंदिष्टांत मंत्रासारखे पसरले. आमच्याकडे ते समीक्षेचे वाक्य झाले आहे. कुणाचा लेख जड झाला तरी आम्ही म्हणतो, दोन पातळ थर द्यायला हवे होते.

पण हे झाले बाहेरच्यांना सांगण्याजोगे विनोद. खरा विनोद आतल्या चुरशीत असतो, आणि तो बाहेरच्याला क्रूर वाटतो. बटणांचा प्रश्न घ्या. ऐतिहासिक शिपाई रंगवणाऱ्यांत एक जात असते जिला इंग्रजीत 'बटणे मोजणारे' म्हणतात. आम्ही 'बटणमोजे' असा समास केला आहे. समोर ठेवलेल्या घोडेस्वाराच्या डोळ्यांतली जरब, घोड्याच्या अंगावरचा घाम, यातले काही बटणमोज्याला दिसत नाही. तो भिंग लावतो आणि सांगतो की या पलटणीच्या कॉलरची पट्टी पिवळी त्या सालानंतर झाली. हा मनुष्य आम्हां दोघा साहित्यवाल्यांना अनोळखी नव्हता. पाठचिकित्सेच्या वर्गात तो आम्हांला भेटला होता. एका मात्रेसाठी सात हस्तलिखिते उलगडणारा आणि अभंग मात्र कधीही न गुणगुणणारा. त्याची चेष्टा सोपी आहे, पण त्याच्यावाचून चालत नाही. आमच्याकडे हे पद बँकवाल्यांकडे आहे, आणि चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्यावर ते त्यांना शोभतेही.

शिपायांवरून भांडणे आम्ही शोधून काढलेली नाहीत. जून १८२६ मध्ये हॅवर्थच्या धर्मोपदेशकाने, पॅट्रिक ब्राँटे यांनी, लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. दुसऱ्या दिवशी ब्रॅनवेल ती घेऊन बहिणींच्या दाराशी गेला. दहा वर्षांच्या शार्लटने उडी मारून एक शिपाई उचलला, त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठरवले, आणि पुढे तो प्रसंग लिहून ठेवताना आपला शिपाई साऱ्यांत देखणा, उंच आणि निर्दोष असल्याचेही नमूद केले. एमिलीचा गंभीर चेहऱ्याचा होता म्हणून त्याचे नाव तसेच पडले. धाकट्या ॲनचा तिच्यासारखाच विचित्र आणि चिमुकला. ब्रॅनवेलने, अर्थात, बोनापार्ट घेतला. या पेटीतून ग्लास टाऊन आणि अँग्रिया निघाले हे इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात शिकवले जाते. आम्हांला मात्र त्या नोंदीतले 'माझाच देखणा' हे अधिक महत्त्वाचे वाटते. कारखान्यातून एकाच घाटाचे निघालेले बारा ठोकळे, आणि त्यांतला आपला सुंदर! रविवारी आमच्या खोलीत निराळे काही चालत नाही.

एच. जी. वेल्स यांचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ चे. शिपायांच्या खेळाचे नियम त्यांनी त्यात गंभीरपणे मांडले, आणि मुखपृष्ठावर खेळणाऱ्यांची वयोमर्यादा बारापासून दीडशे वर्षांपर्यंत ठेवली. त्यातला आमचा आवडता भाग म्हणजे एका लढाईचा वृत्तान्त. तो त्यांनी निळ्या फौजेच्या सेनापतीच्या आठवणी म्हणून लिहिला आहे, आणि तो सेनापती स्वतः वेल्स. निवृत्त सेनानींच्या आत्मचरित्रांची इतकी नेमकी खोडी क्वचितच कुणी काढली असेल: मीच शहाणा, शत्रू अडाणी, विजय माझ्या दूरदृष्टीचा. जमिनीवर पालथे पडून लाकडी गोळ्या उडवणारा, तेव्हा जगप्रसिद्ध असलेला लेखक स्वतःच्याच बढाईला हसतो. पुस्तकाच्या अखेरीस तो खऱ्या युद्धाबद्दलही बोलतो. वर्षभरात ते युद्ध आलेच.

वेल्सचे शिपाई दुकानातून रंगवूनच येत. १८९३ मध्ये ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतकामाची युक्ती काढल्यापासून इंग्लंडात ते स्वस्त झाले होते. घरी बसून रंगवणे हाच मुख्य खेळ, आणि लढाई हे त्याचे निमित्त, असा उलटा क्रम पुढच्या काळात बळावला. १९८७ पासून गेम्स वर्कशॉप 'गोल्डन डेमन' नावाची रंगवण्याची स्पर्धा भरवू लागली. तिच्यातल्या सर्वोत्तम रंगाऱ्याला बक्षीस म्हणून खरीखुरी, पूर्ण लांबीची तलवार मिळते. इंचभर मूर्तीसाठी हातभर लोखंड. यातला विनोद संयोजकांनी जाणून केला की नकळत झाला, हे आम्ही अनेकदा चर्चिले आहे. प्राध्यापकांचे मत असे की ती तलवार हरलेल्यांपासून संरक्षणासाठी द्यावी लागते.

आमची स्वतःची दीक्षा नॉटिंगहॅमची नाही. ती दिवाळीच्या किल्ल्यांची. गोणपाट, दगड, माती, वरून अळीव पेरलेले हिरवेपण, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे. त्या चित्रांचे रंग ज्याने कुणी लावले त्याच्या हाताशी एक कुंचला आणि शंभर मावळे असत, त्यामुळे मिशी कधी गालावर जाई, फेट्याचा लाल रंग कपाळावर उतरे. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडे की तुमचा वाघ गुहेत मावत नाही. शेजारच्या वाड्याचा किल्ला पाहायला जायचे ते फक्त खोड काढायला, आणि परतताना त्यांच्या बुरुजाची युक्ती गुपचूप उचलायची. परिमाणाचा पहिला धडा आम्ही तिथेच घेतला: गवळण शिवाजीमहाराजांहून उंच असली तर तिला पायथ्याशी ठेवावे. मूळच्या मिशा पुसून पुन्हा काढणारा मुलगा प्रत्येक वाड्यात एखादाच असे. आमचे प्राध्यापक त्यांतले.

त्यांचे वैशिष्ट्य डोळे. या छंदात डोळ्यांवर माणसाची पत ठरते. २८ मिलिमीटरच्या शिपायाचा डोळा मिलिमीटरभरही नसतो. त्यात पांढरे, त्यात काळा ठिपका, आणि तो ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला पाहणारा हवा. चुकला की शूर सरदार भूत पाहिल्यासारखा दिसतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला वेगळा हात लागतो; मूर्ती घडवणारे, रंग देणारे अनेक, पण आखणीवाला निराळा, त्याचा मान निराळा. प्राध्यापक आमचे आखणीवाले होते. नवखे लोक डोळ्यांसाठी तीन शून्यांचा कुंचला आणतात. प्राध्यापक एक नंबरचा वापरत, टोक चांगले असले की झाले, पोटात रंग धरला पाहिजे म्हणत. विन्सर अँड न्यूटनची 'सिरीज ७' ही मालिका १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी बनवली गेली असे सांगतात. ती सायबेरियातल्या एका मुंगुसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांची असते. तसा एक कुंचला प्राध्यापकांनी अकरा वर्षे टिकवला. बँकवाले त्याला 'राणीसाहेब' म्हणत आणि त्यांच्याशी आदराने बोलत. प्राध्यापकांशी मात्र नाही.

त्या दोघांचे वैर आमच्या मंडळीहून जुने. बँकवाल्यांचे गणवेश अचूक, पट्ट्या अचूक, बटणे मोजून, आणि चेहरे सारे एकाच शाखाधिकाऱ्याचे. प्राध्यापकांचे चेहरे जिवंत आणि गणवेश मनाचे. एकाने ठेवलेला शिपाई दुसरा उचलणार, खिडकीपाशी नेणार, बराच वेळ काही बोलणार नाही, आणि मग एक वाक्य. "चष्म्याचा नंबर काय याचा?" "याच्या अंगरख्याचा शिंपी फ्रेंच होता वाटतं." यावर उत्तर देण्याचा प्रघात नाही. ज्याचा शिपाई त्याने तो परत घ्यायचा, पिशवीत टाकायचा, आणि पुढच्या रविवारी दुरुस्त करून आणायचा. दुरुस्ती झाली हे दुसऱ्याने पाहायचे, पण मान्य करायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी प्राध्यापकांचा उजवा हात थरथरू लागला. आधी आम्हांला ते चहाच्या कपावरून कळले. टेबलावर मनगटे टेकवून, दोन्ही तळहात एकमेकांना जोडून रंगवायची पद्धत आहे, तिच्यात ते पुष्कळ दिवस लपले. मग डोळे सरकू लागले. पांढरे पापणीबाहेर, ठिपका नाकाकडे. ते स्वतः काही बोलले नाहीत. औषधे चालू आहेत एवढे त्यांच्या मुलीकडून समजले.

त्याच सुमारास आमच्यात एक तरुण आला, संगणक क्षेत्रातला, हाताने चांगला आणि वळणाने अतिशय सौम्य. दाद देण्याच्या त्याच्या रीती आमच्याहून निराळ्या होत्या. प्राध्यापकांनी एक हवालदार टेबलावर ठेवला. तरुणाने तो उचलला, आणि मनापासून म्हणाला, "सर, काय सुंदर झालाय! या वयात इतकं बारीक काम!" खोलीत कुणी हलले नाही. प्राध्यापकांनी आभार मानले, राणीसाहेबांना धुऊन कागदात गुंडाळले आणि ते खाली उतरले. पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. हवालदार टेबलावरच राहिला. त्या मुलाला काय झाले ते कळेना. कौतुकाने माणूस कसा दुखावतो हे आम्हांला त्याला नीट सांगताही येईना, जरी आमच्यातला जो तो वर्गात उपरोध शिकवून दमलेला.

चौथ्या रविवारच्या आदल्या रात्री बँकवाल्यांनी फोन केला. तो त्यांनी आमच्यादेखत, आमच्यापैकी एकाच्या घरून केला, म्हणून शब्द ठाऊक आहेत. "प्रोफेसर, तुमचा हवालदार आमच्याकडे राहिलाय. त्याचे दोन डोळे दोन जिल्ह्यांत आहेत. उद्या येऊन घेऊन जा, नाहीतर मी दुरुस्त करीन." आणि फोन ठेवला. आमच्या शास्त्रात याहून मोठी धमकी नाही. दुसऱ्याच्या शिपायाला हात लावणे म्हणजे मृत कवीच्या वहीत ओळ घालणे. सकाळी साडेनऊला प्राध्यापक जिना चढत होते, आणि जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला, "हात लावलात तर बघा."

त्या वर्षी आम्ही असई करायची ठरवली होती. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली लढला. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, म्हणजे हॅवर्थच्या शार्लटचा देखणा लाकडी शिपाई आमच्या टेबलावर शत्रू म्हणून आला. त्याला कुणी रंगवायचे यावर दोन आठवडे गेले. शेवटी चिठ्ठी टाकली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे अंगरखे लाल की निळे यावर आणखी पाच गेले. बँकवाल्यांनी फोटोप्रतींची एक पिशवीच आणली, आणि त्यांतली कुठलीही दोन पाने एकमेकांशी जुळत नव्हती. याचा त्यांना जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता.

तोफखाना प्राध्यापकांनी मागून घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिले, कारण तोफखाना म्हणजे चेहरे. पण त्यांनी पाकिटे फोडली तेव्हा कळले की त्यांनी उभे गोलंदाज मागवलेच नव्हते. पडलेल्या, घायाळ, मृत शिपायांचे संच मिळतात, ते होते. असईच्या वृत्तान्तात एक प्रसंग येतो: इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, आणि रांग पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा पाठीमागून तिच्यावरच डागल्या. वेलस्लीला ती बाजू पुन्हा जिंकावी लागली. प्राध्यापकांना तोच क्षण हवा होता, उठण्याच्या आधीचा. चौदा गोलंदाज, तोफांच्या चाकांखाली, उताणे, पालथे, कुशीवर. डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्याला एक गडद रेघ पुरते, आणि ती थोडी थरथरली तरी पापणीच दिसते.

बँकवाल्यांनी ती पाटी खिडकीपाशी नेली. इतका वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता. खाली रस्त्यावर भाजीवाला येऊन गेला.

"पुराव्यात गफलत आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"सगळ्यांनीच डोळे मिटले, तर उठायचं कधी हे कळलं कसं? एकाचा तरी डोळा किलकिला असणार."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. बटणमोज्यांच्या बाबतीत हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग त्यांनी कागदातून राणीसाहेबांना बाहेर काढले आणि टेबलावरून पलीकडे सरकवले. "तो तुम्ही काढा. चाकाला टेकून आहे तो. उजवा."

बँकवाल्यांनी तो डोळा काढायला पाऊण तास घेतला. झाल्यावर प्राध्यापकांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "हा तोफेकडे बघतोय की पेन्शनच्या कागदाकडे?" बँकवाल्यांनी तो पुन्हा काढला.

आमचा वार्षिक निकाल दिवाळीनंतरच्या रविवारी लागतो. परदेशी प्रदर्शनांत खुल्या पद्धतीने परीक्षण होते म्हणतात, प्रत्येकाला दर्जाप्रमाणे सुवर्ण किंवा रौप्य, कितीही जणांना. ही उदारता आम्हांला मानवत नाही. आमच्याकडे एकच परीक्षक. खोली ज्यांची त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हां सर्वांच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहतात आणि तिथूनच सांगतात, "तो जरा बरा दिसतो." अपील नाही. त्या वर्षी आम्ही सगळे त्या चौदांपाशी उगाच थोडे बाजूला सरून उभे होतो, नजर तिकडे जावी म्हणून. वहिनींनी टेबल पाहिले, आणि तोफा ओढणाऱ्या बैलांच्या जोडीकडे बोट केले. "तो डावा बैल. अगदी आमच्या गावच्यासारखा." बैल त्या तरुणाने रंगवले होते.

वहिनी खाली गेल्यावर प्राध्यापक आणि बँकवाले एकदमच बोलू लागले. बैल खिल्लारी आहेत, शिंगे बघा. शिंद्यांची फौज माळव्यातून आलेली, तिथे माळवी बैल हवेत. निकाल रद्द व्हायला हवा. दोघेही एका बाजूला असलेला हा पहिलाच वाद, आणि तरुण मुलगा लाल होऊन त्यांच्यासमोर फोनवर काहीतरी शोधत उभा होता. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "सर, वाटेत बैल मेले असतील. नवे इथूनच घेतले." प्राध्यापकांनी बँकवाल्यांकडे पाहिले. "पावती दाखव म्हणावं," बँकवाले म्हणाले.